सव्वीस की छत्तीस

ताई, तुमच्या पुण्यानुमोदनाला सगळे बोलले. हॉस्पिटलातल्या तुमच्या जुन्या सिस्टर बोलल्या, वर्तकनगरच्या विहारातली माणसं बोलली, तुमच्याच मजल्यावरची ती विरजणाला दही मागायला येणारी बाईसुद्धा बोलली. किती बाळंतपणं केलीत, लग्न का केलं नाहीत, धाकट्या भावाला कसं शिकवलंत, सगळं झालं. मग माईक माझ्याकडे आला. मी जयभीम म्हटलं आणि खाली बसले. लोकांना वाटलं, नणंदेच्या आठवणीनं वहिनीचा गळा भरून आला. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते गाडीच्या टायरमधल्या हवेबद्दल होतं, आणि तिथं ते कुणाला कळलं नसतं.

आज रविवार आहे. आठवडाभर मानपाड्याच्या कंपनीत उभं राहून पॅकिंग करायचं, आणि सुट्टीच्या दुपारी आडवं व्हावं तर झोप येत नाही. पाय नुसते ठणकतात. विलास आत पेपर तोंडावर घेऊन झोपलाय. म्हणून इथं कोपरच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून, खाली फरशीवर बसून तुम्हाला लिहिते आहे.

विलास. बघा, अजून नावच घेते. आम्ही एका कॉलेजातले, लग्न झाल्यावर दुसरं काही तोंडात येईना. तुमच्या आईला ते खटकायचं. एकदा पाहुण्यांसमोर त्या मला बोलल्या. तुम्ही नुकत्याच ड्युटीवरून आला होतात, दारात चपला काढत होतात. तिथूनच म्हणालात, "नाव ठेवलंय ना त्याचं? मग घेऊ दे की." तो विषय तिथं संपला. एकतीस वर्षांत तुम्ही माझ्या बाजूनं असं किती वेळा बोललात ते मी मोजलं नाही. बोलायचात ते नेहमी दुसरं काहीतरी करता करता, कपडे वाळत घालताना, लसूण सोलताना, जणू माझी बाजू घेणं हे काही वेगळं काम नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडे म्हणत नाहीत.

रिटायर झालात आणि तुम्ही गाडी शिकलात. अठ्ठावन्नाव्या वर्षी. ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर तुम्हाला आजी म्हणाला म्हणून दुसऱ्या स्कूलला गेलात. मग ती राखाडी सेकंडहँड गाडी घेतलीत. विलासचं म्हणणं, ठाण्यात रिक्षा कमी आहेत का? तुम्ही म्हणालात, "गावाला जाते का रिक्षा?"

गाव म्हणजे माळशेज घाट चढून पलीकडं गेल्यावर ओतूरच्या बाजूला. तुमच्या आईचं माहेर. आपलं असं तिथं आता कुणी राहत नाही, तरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथल्या विहाराच्या ओसरीवर बसून तुम्ही म्हाताऱ्या माणसांचं बीपी आणि शुगर बघायचात. थंडीचे महिने तर चुकवायचाच नाहीत. थंडीत बीपी चढतं, म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत, असं तुमचं म्हणणं. आणि एकट्या बाईनं घाटात जायला नको, असं विलासचं म्हणणं. म्हणून मी बरोबर.

मला ते आवडायचं, ताई. शुक्रवारी पहिली पाळी संपवून मी निघायचे, तुम्ही कल्याणला मला घ्यायचात. मुरबाड सोडलं की रस्ता मोकळा व्हायचा. कुणाला भाजी काय करू विचारायचं नाही, कुणाचा डबा नाही. तुम्ही गाडी चालवायचात, मी शेंगदाणे सोलून तुमच्या हातावर ठेवायचे. तेवढंच माझं काम.

पहिल्या डिसेंबरातली गोष्ट. कल्याणच्या पंपावर तुम्ही हवा भरून घेतलीत. ड्रायव्हरच्या दारामागे खांबावर कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर तेहतीस लिहिलेलं, म्हणून चारही चाकांत बरोबर तेहतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गावात गाडीवर दव पडलेलं, तोंडातून वाफ येत होती. तुम्ही हवा मोजायचा नवीन घेतलेला गेज हौसेनं लावून बघितलात तर सत्तावीस. तुम्ही घाबरलात. दुसरं चाक बघितलं, तेही सत्तावीस. चारही तेवढीच. "चारही चाकं एकदम पंक्चर होत नाहीत," असं म्हणून तुम्ही ओसरीच्या पायरीवर बसलात. मग एकदम हसायला लागलात.

"रेखा, पेशंट जिना चढून आला की आपण लगेच त्याचं बीपी घेतो का? आधी बसवतो ना दहा मिनिटं? आपण काल पळून आलेल्या टायरचं माप घेतलं."

मग तुम्ही मला समजावून सांगितलंत, आणि तुम्ही सांगितलं की कळायचं. चाललं की टायर तापतो, आतली हवा फुगते, आकडा वर दिसतो. रात्रभर थंडीत उभी राहिली की तीच हवा आक्रसते, आकडा खाली येतो. आपलं ठाणं दुपारी तीसच्या वर, आणि वर गावात पहाटे आठ-नऊ, म्हणजे नुसत्या थंडीनंच तीन-चार आकडे जाणार. म्हणून माप घ्यायचं ते सकाळी, गाडी हलवायच्या आधी. स्टिकरवरचा आकडा हा थंड टायरचा आकडा. खालून निघायच्या दिवशी सकाळच्या गारव्यातच दोन जास्त भरायचे, म्हणजे वर पहाटे बरोबर बसतं. तापलेल्या टायरची हवा मात्र जास्त दिसली म्हणून कधी सोडायची नाही. पुढच्या खेपेला डिकीत छोटा पंप आला. गाडीतच वायर लावायची, घुर्रर्र आवाज करत हवा भरायचा, आणि गावातली कोंबडी पळायची.

यावरून तुमचं आणि विलासचं कायम वाजायचं. विलासचा एक दोस्त टेम्पो चालवतो. त्यानं सांगितलेलं की थंडीत हवा उलट कमी ठेवायची, टायर पसरतो, पकड चांगली येते. पंपावरचा माणूसही तेच म्हणायचा. तुम्ही म्हणायचात की पसरतो तो टायर नाही, त्याचा खांदा घासतो, आणि वळणावर गाडी पोहते. कमी तर थंडी स्वतःच करते, आपण आणखी कशाला करायची? विलास म्हणायचा, तो वीस वर्षं चालवतोय. तुम्ही म्हणायचात, मी तीस वर्षं सुया टोचल्या, म्हणून काय सगळ्या बरोबर टोचल्या? जेवायला बसलं की हा वाद, आणि मी वाढत असायचे. दोघांपैकी कुणी मागं हटलं नाही. आता वाद घालायला समोर कुणी नाही तर विलास त्या टेम्पोवाल्याचं नाव काढत नाही.

तिसऱ्या थंडीपासून गेज बघायचं काम माझ्याकडे आलं. गुडघे दुखतात, वाकवत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी वाकायचे, आकडा सांगायचे, तुम्ही पंप चालू-बंद करायचात. गाडीतही तुम्ही मला विचारायला लागलात. त्या पाटीवर काय लिहिलंय बघ, पुढचा ट्रक थांबलाय की चाललाय. मला वाटायचं, मला झोप लागू नये म्हणून बोलतायत. पहिल्यांदा तसं वाटलं. नंतर नंतर वाटेनासं झालं. शेंगदाणे तुमच्या हातावर ठेवायचे तर तुम्ही हात थोडा बाजूला धरायचात. मला ते दिसत होतं, ताई. पण दिसलं म्हटलं की पुढं काहीतरी करावं लागतं, आणि मला आणखी एक काम नको होतं. महिन्यातला तो दीड दिवस मला हवा होता.

गेल्या जानेवारीत मी गेले ती सलग सहा दिवस ओव्हरटाइम करून. कंपनीत ऑर्डर होती. संध्याकाळी गावात पोचलो, भाकरी खाल्ली, आणि तुम्ही पुन्हा तो विषय काढलात, की मी गाडी शिकावी. तो तुमचा जुनाच विषय. मी दर वेळी हसून टाळायचे. त्या दिवशी म्हटलं, "ताई, नको ना, मी दमलेय." तुम्ही सोडलं नाहीत.

"पन्नाशी उलटली तुझी," तुम्ही म्हणालात. "आयुष्यभर बाजूच्या सीटवरच बसून राहणार आहेस का?"

मी अंथरूण घातलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं घरात, आणि तेच असं बोललं. कुणी दुसरं बोललं असतं तर मी विसरले असते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तुमची माणसं तपासून झाली, बाजरीचं पीठ, हरभऱ्याची भाजी, कुणाकुणाचं काय काय डिकीत भरलं. मुक्काम आणखी एक रात्र होता. रविवारी पहाटे निघायचं. आपण दिवसभर कामापुरतंच बोललो. आणि रविवारी सकाळी मी ओसरीवर चहा घेऊन बसले असताना तुम्ही गेज घेऊन खाली उतरलात.

पुढचं मी आजवर कुणाला धड सांगितलं नव्हतं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. त्या गेजचा आतला दिवा कधीच गेलेला, राखाडी काचेवर राखाडी आकडे. तुम्ही तो पुढच्या चाकाला लावलात, मग डोळ्यांजवळ आणलात. मग लांब धरलात. मग विहाराच्या ट्यूबलाइटखाली येऊन उभ्या राहिलात आणि परत जवळ आणलात. तुमचे गुडघे काही दुखत नव्हते, चांगल्या उकिडव्या बसला होतात. एकदा तुम्ही ओसरीकडे बघितलंत. मी कपात बघितलं. चहा संपला होता, तरी मी कप तोंडाला लावून धरला. मला कळलं होतं की तुम्हाला आकडा दिसत नाही. उठायला चार पायऱ्या होत्या. मी मनात म्हटलं, बाजूच्या सीटवरच्या बाईची कशाला गरज?

मग फुस्स असा आवाज आला. तुम्ही हवा सोडत होतात. मला वाटलं, असेल जास्त झालेली. शुक्रवारी ठाण्यातून निघायच्या आधी विलासनं गाडी पंपावर नेलेली, त्यानं अंदाजानं भरली असेल. चारही चाकांची हवा सोडून तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "चल."

घाटात दाट धुकं नव्हतं, पण रस्ता ओला होता. गाडी जड चालल्यासारखी वाटत होती. तुम्हीही दोनदा म्हणालात की आज स्टिअरिंग ओढतंय. एका डाव्या वळणावर समोरून टेम्पो आला. तुम्ही वळवलंत, पण गाडी वळली ती उशिरा, आणि मागची बाजू एकदम पोहल्यासारखी बाहेर गेली. टेम्पोच्या मागून एक बाईक निघत होती. नवरा-बायको, आणि पुढे टाकीवर मंकी कॅप घातलेलं लहान पोर. त्या पोराचं तोंड मी एवढ्या जवळून बघितलं, की त्याच्या नाकाखाली सुकलेला शेंबूडसुद्धा दिसला. तो माणूस कसा वाचला ते त्यालाच माहीत. आपलं पुढचं चाक कठड्याच्या दगडावर चढलं आणि गाडी थांबली. टेम्पो थांबला नाही. बाईकवाला थोडा पुढं जाऊन थांबला, मागं वळून बघितलं, शिवीसुद्धा दिली नाही, आणि गेला.

मी म्हटलं, पाणी प्या. तुम्ही प्यायलात. मग अगदी हळू, दुसऱ्या गिअरमध्ये आपण खाली उतरलो. मुरबाडला पंपावर तुम्ही गाडी लावलीत. हवावाला चहाला गेला होता, म्हणून मी आपलाच गेज घेऊन वाकले.

"छत्तीस असेल," तुम्ही खिडकीतून म्हणालात. "गरम आहेत ना आता."

"सव्वीस," मी म्हटलं.

"छत्तीस?"

"सव्वीस, ताई. चारही."

दोघींनाही हिशोब करता येत होता. गरम टायर सव्वीस दाखवतोय म्हणजे पहाटे तेवीस होता. पहाटे अठ्ठावीसच्या आसपास असतील, ते तुम्हाला अडतीस दिसले. सोडत सोडत तेवीसवर आणलेत, ते तेहतीस दिसले. दोनाचे तीन दिसत होते तुम्हाला, आणि त्या चार पायऱ्या मी उतरले असते तर पाच मिनिटांचं काम होतं.

घरी आल्यावर मी विलासला एवढंच सांगितलं की ताईंना नीट दिसत नाही, गाडी बंद कर. आणि माझं नाव घेऊ नको म्हटलं. तो वर्तकनगरला गेला, आपल्याच लक्षात आलं असं तुम्हाला म्हणाला, आणि किल्ली घेऊन आला. तो सांगत होता, तुम्ही अजिबात भांडला नाहीत. कपाटातून किल्ली काढून दिलीत आणि विचारलंत, "रेखा बरी आहे ना?" मी बरी होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला गेले.

मग तुम्ही चार महिने आला नाहीत. फोन यायचे, ते विलासच्या फोनवर.

मे महिन्यात एका दुपारी दार वाजलं. तुम्ही. तीन रिक्षा बदलून उन्हाच्या आलेल्या, डोळ्याला तो काळा चष्मा. आधी पाणी मागितलंत, मग पंखा वाढव म्हणालात. मी चहा ठेवला. तुम्ही ओट्याजवळच्या स्टुलावर बसलात आणि काही प्रस्तावना न करता सांगितलंत.

"साखरेनं डोळ्याच्या पडद्याला त्रास झालाय. दीड वर्ष झालं. इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरनी गाडी तेव्हाच बंद करायला सांगितली होती."

मी वळून बघितलं.

"तुला मी डोळे म्हणून न्यायचे," तुम्ही म्हणालात. "आणि तू शिकलीस की गाडी तुला देणार होते. म्हणून मागं लागले होते. पण सांगितलं असतं तर विलासनं त्याच दिवशी बंद केलं असतं सगळं. गावातली माणसं कुणाकडे गेली असती?"

ताई, मला राग आला. तो खोटा नव्हता, अजून थोडा आहे. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची साखर मोजलीत, दुसऱ्यांना पथ्यं सांगितलीत, आणि स्वतःचं लपवून मला घाटात घेऊन गेलात. मी म्हटलं, "आणि ते बाईकवरचं पोर गेलं असतं म्हणजे?"

"हो," तुम्ही म्हणालात.

बस, एवढंच. सबब नाही, काही नाही. मी चहा गाळला. तुम्ही कप हातात घेतलात आणि बसून राहिलात. खूप वेळ बसलात. चहावर साय आली. शेवटी विचारलंत, तुला काही बोलायचंय का. मी नाही म्हटलं, आणि आधीच धुतलेले कप पुन्हा विसळायला घेतले. तुम्ही तुमचं सगळं ओट्यावर ठेवलं होतंत, आणि माझं मी पदरात बांधून ठेवलं. मला वाटलं, आता चूक त्यांची निघाली आहे ना, मग माझी कशाला काढा? इतकं सोपं होतं ते. जाताना तुम्ही जिन्यात भिंतीला हात लावून उतरत होतात. मी खालपर्यंत आले, रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, आणि सावकाश ने म्हटलं. त्यानंतर आपण भेटलो ते दोनदा-तीनदा, लोकांत. ऑक्टोबरात तुम्ही गेलात, सकाळी, आंघोळ करून, केस विंचरून. असं जाणंही तुमचंच.

या शनिवारी आम्ही गावाला जाऊन आलो. डिसेंबरचा दुसरा शनिवार. तुम्ही गेल्याचं तिथं कुणालाच कळवलं नव्हतं आणि मला फोनवर सांगायचं नव्हतं. तुमचीच गाडी, विलास चालवायला. निघायच्या सकाळी तो तीस बास म्हणाला. मी स्वतः गेज लावला आणि म्हटलं, पस्तीस कर, वर थंडी आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि केले.

तुमची गाडी दिसली तशी ओसरीवर अठरा-वीस माणसं येऊन बसली. सोनाबाई, ती तुम्हाला दर वेळी अंडी द्यायची ती, सगळ्यात पुढे, बाही वर करून. मी सांगितलं. सोनाबाई म्हणाली, "मग आता कोण बघनार?" रडली नाही. म्हातारी माणसं रडत नाहीत, त्यांना पुढचं पडलेलं असतं. मी तुमचं बीपीचं मशीन गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईच्या हवाली केलं. ती मुलगी हुशार आहे, तिनं लगेच सोनाबाईंना भिंतीला टेकून बसायला सांगितलं, पाय सोडा म्हणाली, दहा मिनिटं बोलू नका म्हणाली. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला बरं वाटलं आणि भयंकर दमल्यासारखंही वाटलं.

परत येताना घाट उतरलो, आणि मी विलासला सांगितलं. का तेव्हाच, ते माहीत नाही. कपाचं सांगितलं, गेजचं सांगितलं, चार पायऱ्यांचं सांगितलं. तुम्ही ओसरीकडे बघितलंत तेही सांगितलं. तो गाडी चालवत राहिला. मग एका चिंचेखाली बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

तुम्ही त्याला सांगितलं होतंत. मे महिन्यात, आमच्याकडून घरी गेलात त्याच संध्याकाळी फोन करून. रेखानं बघितलं होतं, पण उठली नाही, असं तुम्ही म्हणालात. तिला विचारू नकोस, असंही म्हणालात. ती त्या आठवड्यात फार दमलेली होती, आणि गावात पोचलो त्या संध्याकाळी मीच तिला नको ते बोलले, हेही सांगितलंत.

मी त्याला विचारलं, मग सात महिने तू बोलला का नाहीस.

"तू सांगशील म्हणून थांबलो," विलास म्हणाला. "ताईपण थांबलेली."

ताई, मला वाटायचं की हे एकदा बाहेर पडलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी आणखीच थकले. त्या दुपारी तुम्ही चहावर साय येईपर्यंत बसला होतात, ते उन्हं उतरायची वाट बघत नव्हतात. मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक होतं, माफ करून मोकळ्या झाला होतात, आणि तरी तीन रिक्षा बदलून आलात. आधी स्वतःचं सांगितलंत, म्हणजे मला माझं सांगणं सोपं जावं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी दुसरं काही न करता नुसत्या बसून राहिलात. आणि मी तुमच्याकडे पाठ करून उभी होते, नळ सोडून.

त्यानंतर पाच महिने तुम्ही थांबलात. मी बघितलं होतं, ताई. तुम्हाला दिसत नव्हतं ते मी बघितलं होतं, आणि मी उठले नाही.